बटण सोडा, सर

घाटकोपरला आमच्या गच्चीत उभं राहिलं की विमानाचं पोट दिसतं. सांताक्रूझच्या मोठ्या धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारं प्रत्येक विमान आमच्या पाण्याच्या टाकीवरून जातं आणि तेव्हा ते जेमतेम पाच-सहाशे फुटांवर आलेलं असतं. चाकं बाहेर, पंखांची मागची कड खाली लोंबलेली, आणि चाल इतकी संथ की वाटावं, हात दाखवला तर रिक्षासारखं थांबेल. प्रत्यक्षात ते ताशी अडीचशे किलोमीटरने चाललेलं असतं. इथून धावपट्टी चाळीसेक सेकंदांवर. लहानपणी मी आणि शेजारचा पोरगा आकडे मोजायचो आणि चाळीसला 'टेकलं!' म्हणून ओरडायचो. दिसत काहीच नसे, मधे असल्फा, जरीमरी सगळं आडवं. पण टेकलं याबद्दल आम्हाला शंका नसायची.

चाळीसेक वर्षं हे बघण्यात गेली आणि त्यातून माझी एक समजूत होऊन बसली. वेळ आलीच तर मी विमान उतरवीन.

प्रसंगही ठरलेला. नागपूरहून परतीचं विमान, रात्रीची वेळ, दोन्ही पायलट बेशुद्ध. हवाई सुंदरी घाबऱ्या आवाजात विचारते, 'कुणाला विमान चालवता येतं का?' सगळे खाली बघतात. मी शांतपणे पट्टा सोडतो. या प्रसंगात माझा शर्ट कायम इस्त्रीचा असतो, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

पन्नासाव्या वाढदिवसाला, जेवणं झाल्यावर, मी हे घरात बोलून गेलो. बायको म्हणाली, "तुला सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी रिव्हर्स घेता येत नाही." मुलगी तोवर फोनवर शोधून मोकळी. २०२३च्या जानेवारीत यूगव्ह या सर्वेक्षण संस्थेने अमेरिकेतल्या लोकांना हेच विचारलं होतं, कंट्रोल टॉवरच्या मदतीने प्रवासी विमान सुखरूप उतरवाल, असा भरवसा वाटतो का? साधारण तिघांतला एक हो म्हणाला. पुरुषांत जवळपास निम्मे, बायकांत पाचातली एक. "बाबा, तुम्ही एकटे नाही," ती म्हणाली. दिलासा म्हणून म्हणाली नव्हती.

अण्णा, म्हणजे माझे वडील, खुर्चीत डोळे मिटून बसले होते. ते काहीच बोलले नाहीत.

मग मीही वाचत सुटलो. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातल्या संशोधकांचा २०२२चा एक अभ्यास सापडला आणि वाचता वाचता कान गरम झाले. त्यांनी काही लोकांना पायलट विमान उतरवतानाचा चारेक मिनिटांचा व्हिडिओ दाखवला. पायलटचे हात नेमकं काय करतायत हे त्यात दिसतच नव्हतं, म्हणजे शिकण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरी तो बघितलेल्यांचा 'मला जमेल' हा विश्वास न बघितलेल्यांपेक्षा वाढला. चार मिनिटांत. मी तर चाळीस वर्षं बघत होतो, आणि मला तर पायलटचा हात सोडाच, फक्त विमानाचं पोट दिसत होतं.

आता माझ्या त्या प्रसंगाकडे जरा उजेडात बघू. पहिली अडचण दाराची. २००१च्या सप्टेंबरनंतर कॉकपिटची दारं गोळीलाही दाद देणार नाहीत अशी झाली, आणि आतून अडवली तर बाहेरून उघडत नाहीत. २०१५च्या मार्चमध्ये जर्मनविंग्जच्या विमानात कॅप्टन स्वतः बाहेर राहिला आणि दार शेवटपर्यंत उघडलं नाही. १५० माणसं गेली. आतले दोघं नुसते बेशुद्ध असतील तर विमानातल्या कर्मचाऱ्यांकडच्या कोडने, थोडा वेळ थांबून, दार उघडतं. म्हणजे माझ्या नाटकात हवाई सुंदरीचं काम माझ्यापेक्षा मोठं. आणि तिने प्रवाशांत विचारलंच, तर सुट्टीवर निघालेला एखादा पायलट माझ्याआधी उठणार.

समजा, पोचलो आत. तिथे पहिली गोष्ट चांगली आहे. विमान पडत नसतं. ऑटोपायलट चालू असतो आणि तो निवांतपणे दिलेल्या उंचीवर, दिलेल्या दिशेने, इंधन असेपर्यंत विमान नेत राहतो. तुम्ही आत आलात काय आणि गेलात काय, त्याला पत्ता नसतो. हेडफोन चढवायचा, बटण दाबून बोलायचं, बटण सोडून ऐकायचं. कुणीतरी उत्तर देतंच. मग त्याच प्रकारचं विमान उडवणारा माणूस शोधून माईकवर बसवतात आणि तो एकेक खुंटी, एकेक आकडा सांगत जातो. ही उंची लाव. इतकी दिशा. हा दांडा एक खाच खाली. चाकांच्या दांड्याला चाकाच्या आकाराचीच मूठ असते, ती ओळखायला सोपी.

उतरणंही विमान स्वतः करू शकतं. १९६५च्या १० जूनला हीथ्रोवर ट्रायडेंट विमानाने प्रवासी घेऊन पहिल्यांदा आपोआप जमिनीवर टेकून दाखवलं, त्याला आता साठ वर्षं झाली. त्यासाठी विमानात तशी यंत्रणा लागते आणि जमिनीवरून तितकाच नेमका रेडिओकिरण लागतो. धुक्यामुळे दिल्लीला ती सोय नीट करून ठेवलीय. काही छोट्या विमानांत तर २०२०पासून प्रवाशासाठीच एक बटण आलंय. दाबलं की विमान जवळचा विमानतळ स्वतः निवडतं, रेडिओवर स्वतःच सांगतं आणि उतरून इंजिन बंद करतं. मोठ्या प्रवासी विमानात ते बटण नाही. तिथे त्या एका बटणाच्या जागी पन्नास गोष्टी आहेत आणि त्यांचा क्रम आहे.

घडलेल्या गोष्टी मी हावरटासारख्या वाचल्या. १० मे २०२२, फ्लोरिडा. सेसना कॅरॅव्हॅन, एक इंजिन, पायलट आणि दोन प्रवासी. पायलटच्या महाधमनीला चीर गेली आणि तो कोसळला. डॅरेन हॅरिसन नावाच्या प्रवाशाने आधी सूर मारून खाली निघालेलं विमान सावरलं आणि मग रेडिओवर सांगितलं की, मला यातलं काहीएक येत नाही. पाम बीचच्या टॉवरमधले रॉबर्ट मॉर्गन सुट्टीच्या वेळात पुस्तक वाचत बसले होते. ते उड्डाण शिकवायचेही, पण हे मॉडेल त्यांनी कधी चालवलं नव्हतं. त्यांनी कॉकपिटचं चित्र समोर घेतलं आणि बोलत राहिले. विमान उतरलं. पायलटही वाचला. त्याआधी २००९ला फ्लोरिडातच डग व्हाइट यांनी पायलटचा मृत्यू झालेलं दोन इंजिनांचं किंग एअर उतरवलं होतं, पण त्यांच्याकडे छोट्या विमानाचं लायसन्स होतं. दीडशे-दोनशे माणसांचं प्रवासी विमान अजिबात न शिकलेल्या प्रवाशाने उतरवल्याची मात्र एकही नोंद नाही.

जवळ जाणारी एक आहे आणि ती वाचल्यावर मी फोन पालथा ठेवला. १४ ऑगस्ट २००५, हेलिओस एअरवेजचं बोइंग ७३७. केबिनमधला हवेचा दाब गेला, पायलट बेशुद्ध, प्रवासी बेशुद्ध. विमान अथेन्सजवळ आपलं आपण घिरट्या घालत राहिलं. सोबत आलेल्या लढाऊ विमानांना शेवटी कॉकपिटमध्ये कुणीतरी शिरताना दिसलं. तो अँड्रियास प्रोड्रोमू, केबिन क्रूमधला, पायलटचं शिक्षण घेतलेला. तोवर इंधन संपत आलं होतं. त्याच्या 'मेडे'च्या, म्हणजे संकटात मदत मागणाऱ्या हाका कॉकपिटच्या रेकॉर्डरमध्ये सापडल्या. खाली कुणालाही त्या ऐकू गेल्या नव्हत्या. १२१ माणसं होती.

अण्णा मध्य रेल्वेत मोटरमन होते. मालगाडीवर असिस्टंट म्हणून लागले आणि शेवटची वीस वर्षं लोकल. व्हीटी, कल्याण, कर्जत, कसारा. त्यांच्या काळात मोटरमनचं हँडल नुसतं फिरवायचं नसे, ते सतत खाली दाबून धरावं लागे. तळवा उचलला की गाडीला आपोआप ब्रेक. डेडमन हँडल. माणूस झोपला, चक्कर आली, मेला, तरी हात ढिला पडतो आणि गाडी थांबते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी दुपारी खुर्चीत डुलकी लागली की अण्णांचा तळवा खुर्चीच्या हातावर दाबलेला असतो. बाकीचं अंग सैल, मान एका बाजूला कललेली आणि तेवढा एक हात ड्यूटीवर. लहानपणी मी एकदा तो हळूच उचलून बघितला होता. ते दचकून जागे झाले आणि मला थोबाडीत बसली. आईने नंतर समजावलं.

विमानाला डेडमन हँडल असूच शकत नाही. हात सुटला म्हणून ते थांबणार कुठे? रेल्वेत काही बिघडलं की पहिला विचार गाडी उभी करण्याचा असतो. वर उभं राहायला जागाच नाही.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, "गाडी चालवणं अवघड की थांबवणं?" ते म्हणाले, "चालवायला काय, ती चालतेच." बारा डब्यांची भरलेली गाडी पावसात, ओल्या रुळांवर, फलाटावरच्या '१२' लिहिलेल्या पाटीपाशी उभी करणं यात सगळं आलं. कुठल्या स्टेशनात कुठल्या खांबापासून ब्रेक धरायचा हे अंगात मुरावं लागतं. नवा मोटरमन आधी नुसता सोबत बसून रस्ता शिकतो, त्याशिवाय गाडी मिळत नाही. अण्णांनी माझ्यापेक्षा जास्त वर्षं त्याच गच्चीतून तीच विमानं बघितली आहेत. 'मला उतरवता येईल' असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

शिकलेल्यांचंही चुकतं आणि मुंबईकराला त्यासाठी लांब जावं लागत नाही. जुहूची छोटी धावपट्टी आणि सांताक्रूझची मोठी हाकेच्या अंतरावर. १९५३ला बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट विमान चुकून जुहूला उतरलं. १९७२ला जपान एअरलाइन्सच्या डीसी-८नेही तेच केलं आणि धावपट्टी संपली तरी ते थांबलं नव्हतं. दोन्ही वेळा पायलट शुद्धीवर होते, अनुभवी होते आणि समोर बघत होते.

दुसरी गोष्ट काळी आहे. १ जानेवारी १९७८ची रात्र, एअर इंडियाचं जंबो 'सम्राट अशोक'. सांताक्रूझहून उठलं, समुद्रावर गेलं, आणि कॅप्टनसमोरचं विमानाचा कल दाखवणारं यंत्र अडकलं. विमान सरळ होतं, यंत्र म्हणत होतं उजवीकडे कललंय. बाहेर काळोख, क्षितिज नाही. त्यांनी डावीकडे वळवलं, आणखी वळवलं. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्यासमोर समुद्रात गेलं. २१३ माणसं. कॅप्टनकडे अठरा हजार तासांच्या आसपासचा अनुभव होता. खिडकीशी बसून 'विमान वळतंय हे मला पोटात कळतं' असं मी आजवर अभिमानाने सांगत आलोय. ते कळणं काळोखात कवडीमोलाचं असतं.

आणि घाटकोपर तरी कशाला सुटेल? २८ जून २०१८ला चाचणीसाठी निघालेलं किंग एअर आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर कोसळलं. विमानातले चौघं गेले आणि रस्त्यावरून जाणारा एक. त्या दिवशी अण्णा गच्चीत गेले नाहीत.

हे सगळं वाचूनही खुमखुमी जाईना, तेव्हा मुलीने मला सिम्युलेटरचं एका तासाचं कूपन दिलं. अंधेरीतली एक इंडस्ट्रियल इस्टेट, खालच्या मजल्यावर पुठ्ठ्याची खोकी बनवणारा कारखाना, तिसऱ्या मजल्यावर एअरबस ए३२०चं कॉकपिट. हलत नाही, पण बटणं सगळी खरी. शिकवायला डोंबिवलीची एक पोरगी. दोनशे तास पुरे करून लायसन्स घेतलेलं, वडिलांनी त्यासाठी फ्लॅट गहाण टाकलेला, आता नोकरीची वाट बघत इथे माझ्यासारख्यांची हौस भागवते.

"सर, मी बाहेर बसते. मी कंट्रोलर. तुम्ही एकटे," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

डावी खुर्ची. त्या खुर्चीला स्टिक डाव्या हाताला असते, आणि मी उजवा. तर्जनीखाली बंदुकीच्या घोड्यासारखं एक बटण, ते रेडिओचं. अंगठ्याखाली लाल बटण. कानात तिचा आवाज आला, "ऐकू येतंय का?" मी उत्तर द्यायला बटण दाबलं. अंगठ्याने.

लाल बटण ऑटोपायलट काढतं. कॉकपिटमध्ये घोडदळ सुटल्यासारखा बिगुल वाजला आणि जे विमान आत्तापर्यंत स्वतः उडत होतं ते माझ्या डाव्या हातात आलं. मी घाबरून सगळीच बोटं आवळली. त्यात आता रेडिओचं बटणही होतं. "मॅडम, काहीतरी वाजतंय. मॅडम, हे काय आहे? मॅडम, ऐकताय ना?" कानात काही नाही. मला वाटलं तीही गेली. मी आणखी जोरात बोललो, बटण आणखी घट्ट धरलं. मग विक्रोळीच्या आसपास पडदा लाल झाला.

दार उघडून ती आत आली. "सर, मी बोलत होते. तुम्ही बटणच सोडलं नाहीत."

"किती वेळ?"

"सत्तर सेकंद. बटण दाबलेलं असताना ऐकू येत नाही. बोला आणि सोडा. बटण सोडा, सर."

मला एकदम अण्णांचा तळवा आठवला. जिवाची भीती वाटली की आमच्या घरातला हात घट्ट होतो.

दुसऱ्यांदा ऑटोपायलटला हात न लावता धावपट्टी समोर येईपर्यंत पोचलो, पण मुंबईला हाताने उतरवायचा हट्ट माझा. घाटकोपर आलं आणि मी, काय सांगू, आमची पाण्याची टाकी शोधायला लागलो. तेवढ्यात विमान धावपट्टीच्या रेषेच्या बरंच डावीकडे सरकलं. ते ओढूनताणून आणलं. विमान उंची मोजत होतं, फिफ्टी, फॉर्टी, थर्टी, ट्वेंटी, आणि मग 'रिटार्ड, रिटार्ड' म्हणू लागलं. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाच्या जोराचा दांडा, मागे ओढ असा त्याचा अर्थ, मला तो शेरा वाटला. मी थ्रॉटल तसेच ठेवून स्टिक खेचली, विमान पुन्हा उचललं गेलं, आपटलं, उसळलं आणि धावपट्टीच्या टोकाला संपलो.

"गो-अराउंड का नाही केलंत?" तिने विचारलं. "जमत नव्हतं तर वर घ्यायचं, फेरी मारून परत यायचं. मी दोनदा ओरडले."

"मला वाटलं उतरायचंच आहे."

तिसऱ्यांदा तिने दिल्ली लावली. "खात्रीने उतरायचं असेल तर दिल्लीला जावं लागेल, सर." मुंबईच्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. ती एकेक सांगत गेली, मी एकेक करत गेलो आणि प्रत्येक वाक्यानंतर बोट उचललं. वेग इतका. फ्लॅप एक. चाकं. हे बटण दाबा, आता हात मांडीवर ठेवा. हात मांडीवर ठेवणं हे त्या तासातलं सगळ्यात कठीण काम होतं. विमान एकटंच खाली आलं, नाक थोडं वर केलं, 'रिटार्ड' म्हणालं, मी दोन्ही थ्रॉटल मागे ओढले आणि आम्ही मधल्या रेषेवर, अलगद, दिल्लीत थांबलो. ते दोन थ्रॉटल ओढणं सोडलं तर शेवटच्या टप्प्यात माझ्या हाताने काहीच झालं नव्हतं.

मी तिच्याकडे बघून हसलो. ती पण हसली, जरा जपूनच. "सर, धावपट्टी, वाट, फ्रिक्वेन्सी, ब्रेक, सगळं मी आधीच भरून ठेवलं होतं. आणि वारा शून्य."

घरी आलो तेव्हा पावसाची एक सर पडून गेली होती. अण्णा गच्चीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीत. मी सगळं सांगितलं, सत्तर सेकंदांसकट. ते ऐकत होते. गो-अराउंडशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"म्हणजे उतरायला आलेला परत वर जाऊ शकतो?"

"हो."

"मेमो नाही मिळत?"

"नाही. उलट नीट नसेल तर जायचंच."

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ब्याण्णव साली मुलुंडला दीड डबा पुढे गेला होता माझा. असाच पाऊस. रूळ साबणासारखे. तुम्हाला घरी सांगितलं नव्हतं." हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. चौकशी, जबाब, पंधरा दिवस झोप नाही. "पुढचा दीड डबा फलाटाबाहेर, लोक रुळांत उड्या मारतायत आणि मला गाडी मागे घेता येत नाही."

पूर्वेकडून दिवे आले. पावसात विमानाचे दिवे आधी दिसतात, आवाज मागून येतो. नेहमीसारखंच पोट, चाकं बाहेर. पण टाकीच्या वर येता येता आवाज बदलला, इंजिनं एकदम भरून आली आणि नाक वर गेलं. आम्ही दोघं मान मागे टाकून बघत राहिलो. एकेक करून चाकं पोटात मिटली आणि विमान ढगात गेलं.

"सोडलं त्याने," अण्णा म्हणाले.

ते उठले नाहीत. मी खाली जाऊन छत्री आणि चहा घेऊन आलो. ते घड्याळ बघत बसले होते. अठराव्या मिनिटाला पूर्वेकडे पुन्हा दिवे दिसले. तेच विमान की दुसरं हे कळायला मार्ग नव्हता. अण्णांनी ते डोक्यावरून जाऊ दिलं आणि हळू आवाजात मोजायला लागले, एक, दोन, तीन.